दीड हात

मला एका जागी बसवत नाही. कुणाच्याही घरी गेलो की पाण्याचा तांब्या यायच्या आत मी त्यांची ओटी पावलांनी मोजून मोकळा होतो. बायको म्हणते, "बसा हो, घर पळून नाही जायचं." पोरं तोंडाला पदर-पंचा लावून हसतात. ही खोड कशी लागली हे नव्या सुनांना दरवेळी सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पुण्याला दोन वर्षं घरांचे नकाशे काढायला शिकून मी कडावजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा वडील नवं घर बांधायला निघाले होते. आजोबांनी आणलेली सागाची एक तुळई गोठ्यात कितीतरी वर्षं वाळत पडली होती. बरोबर बारा हात. तिच्या जोरावर वडिलांना अकरा हात रुंदीचं माजघर हवं होतं, आत एकही खांब नसलेलं.

"पंगतीच्या टोकाला बसलो की शेवटचं पान दिसाया हवं," ते म्हणायचे. "मग समजंल, समदी आली का नाय."

नकाशा मी काढला. सुतारबाबांनी जमिनीवर तुसाच्या राखेने घर आखून दिलं, खुंट्या ठोकून दोर ताणले, आणि ते मेहुणीच्या लग्नाला खालापूरकडे गेले. पंधरा दिवसांसाठी.

इथे माझा जीव उडाला. समोर एवढा माथेरानचा डोंगर, वर एवढं आभाळ, आणि मधे राखेच्या रेघांत आमचं माजघर म्हणजे म्हशीने बूड टेकावं एवढी जागा! शाळेत मी तीसेक बंगले काढले होते, पण एकाच्याही रेघांत उभा राहिलो नव्हतो. मास्तरांनी कधी राहायला सांगितलंही नव्हतं. मी त्या रेघांत बसून पाहिलं, येरझाऱ्या घातल्या, शेवटी आडवा झालो. तेवढ्यात आई आली.

"पोटात दुखतंय का रं?"

"घर लहान वाटतंय."

"मग उठ. तू आडवा पडल्यावर ते आनखीच ल्हान दिसतंय."

दोन दिवस जेवण गेलं नाही. गाव म्हणणार, शिकून आला आणि बापाला खुराडं बांधून दिलं. तिसऱ्या दिवशी मी एका बाजूचा दोर दीड हात बाहेर सरकवला. त्या दीड हातात मी सगळ्याचा विचार केला, तुळईचा सोडून.

गवंडी थबकला. "दादा, दोर हलला काय?"

"मी हलवला."

"सुतारबाबाला इचारलंत?"

"नकाशा कुणी काढलाय?"

तो वडिलांकडे गेला. वडील म्हणाले, "शिकून आलाय तो. त्याला म्हाईत हाय." ते वाक्य मला अजून टोचतं.

सुतारबाबा परतले तेव्हा भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. त्यांनी मापाचा गज लावला, पुन्हा लावला. "भिंत कुठं निघाली रं दादा? लग्नाला?" मी खुलासा केला. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरं, उघड्यावर खोली ल्हानच दिसते! भिंती चढल्या का मोठी होते. शाळंत सांगत नाय हे?"

मी आत वळून पाहिलं. खरंच, माजघर ऐसपैस झालं होतं. नको तेवढं.

माजघर आता साडेबारा हात झालं होतं; बारा हाती तुळई भिंतींवर टेकणं दूरच, मधल्या जागेलाच अर्धा हात कमी पडत होती. भिंत पाडून मागे घ्यावी म्हटलं, तर मिरगाचा पाऊस तोंडावर. वडिलांनी तुळईवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "लावा खांब." भिंतीच्या थोडा अलीकडे, नेमका पंगतीच्या रांगेत, खांब उभा राहिला.

वास्तुशांतीच्या पंगतीला वडील टोकाला बसले. मला खांबापलीकडचंच पान आलं. ते मुद्दाम कुणी मांडलं, हे सुतारबाबांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. वाढप झालं. वडिलांनी मान उंचावून रांग पाहिली, मग दुसऱ्या बाजूला झुकून पाहिली.

"समदी दिसत्यात. तू कुठं हाईस रं?"

"इथंच आहे!" म्हणत मी खांबाआडून डोकं पुढे काढलं, आणि पागोट्याचा सोगा वरणात बुडाला. अख्खी पंगत हसली. वडीलही हसले, पण जेवण होईपर्यंत दर चार घासांनी विचारत राहिले, "हाईस ना?"

आणि दरवेळी त्यांना दिसावं म्हणून मी उठबस करत होतो.