खालून वर जाणारी यादी

आमच्या बडेबाबूंनी वर्गणीची यादी साहेबांकडे आधी कधीच नेली नाही. ती तिथं सगळ्यात शेवटी जायची. ज्यांनी सरकारी ऑफिसात दिवस काढलेत त्यांना यातली बंडखोरी लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. यादी वरून खाली येते, असा आपला रिवाज. साहेबांनी दोनशे लिहिले की त्यांच्या वर जायची कुणाची टाप नाही, साहेबांचा अपमान होतो ना! मग दीडशे, शंभर, पन्नास, आणि शिपायापर्यंत येता येता दानधर्म वीस रुपयांवर येऊन बसतो. बडेबाबू यादी खालून सुरू करायचे. आता खालच्या माणसापेक्षा कमी लिहून नाक कोण कापून घेणार?

आणि सगळ्यात खाली कोण? मी. दारव्ह्यातल्या त्या ऑफिसात (कोणतं ते सांगत नाही, अजूनही काहींच्या पोटात दुखेल) मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. पगार अकरा हजार, तोही दोन-दोन महिने उशिरा. शिपाई परमनंट, म्हणजे तोही माझ्या वरचा. माझ्याखाली फक्त झाडूवाली शांताबाई, आणि तिला बडेबाबू यादीत धरत नसत. त्यामुळे कुठं पूर येवो की कुणाचं घर जळो, पहिला आकडा माझा. बाप्पा, काय राग यायचा मला त्या माणसाचा!

बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, तोंडात सुपारी. यादी घेऊन ते टेबलाटेबलावर फिरत नसत. "टेबलावर गेलं का मानूस साइटवर निंघून जाते," असं त्यांचं म्हणणं. ते सकाळी अंगठ्याच्या मशीनजवळ उभे राहायचे. अंगठा दिल्याशिवाय हजेरी नाही, आणि आकडा लिहिल्याशिवाय बडेबाबू मशीनसमोरून हलत नाहीत. आमचे सीनियर क्लार्क ठोंबरे एकदा लेटमार्क पत्करून साडेअकरापर्यंत टपरीमागे लपले होते. बडेबाबूंनी त्यांना तिथंच चहा पाठवला आणि चहासोबत यादी. ठोंबऱ्यांनी चहाही घेतला आणि पन्नास रुपयेही लिहिले, पण आठवडाभर माझ्याशीच बोलले नाहीत. "तुमाले चाळीस लिहाची काय गरज होती?" म्हणे.

मग नवे साहेब आले. त्यांना समाजसेवेची भारी हौस, फक्त ती फोटोत मावली पाहिजे. त्यांचा वाढदिवस मे महिन्यात. म्हणून झरी जामणीकडच्या एका कोलाम आदिवासींच्या वस्तीवर आम्ही भर मे महिन्यात ब्लँकेटं वाटली. जमिनीवर पाय ठेवला तर चटका बसत होता, आणि आम्ही घामाघूम होऊन म्हाताऱ्यांच्या खांद्यांवर लोकरी ब्लँकेटं चढवून राहिलो. बॅनर सगळ्या ब्लँकेटांपेक्षा मोठा होता. बडेबाबू गंभीर तोंड करून साहेबांना म्हणाले, "चांगलं झालं सायेब. पांघरतीन कायले, पन दारापुढं मांडव टाकतीन. सावली तं होईन." साहेबांनी ते कौतुक समजून मान हलवली. त्याच दिवशी हुकूम निघाला की ऑफिसची प्रत्येक वर्गणी यादी, नावं आणि आकड्यांसकट, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली पाहिजे.

त्या हिवाळ्यात शांताबाईची नात आजारी पडली. राणी, पाच वर्षांची, हृदयाला छिद्र. नागपुरात ऑपरेशनची तारीख मिळाली. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, पण तपासण्या, औषधं, महिनाभराचं राहणं धरून चाळीस हजार लागत होते, तेही आठ दिवसांत. तारीख हुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि तोवरची हमी डॉक्टर देत नव्हते. शांताबाई ऑफिस झाडताना आता बोलत नसे. बडेबाबूंनी यादीचा कागद काढला आणि सांगितलं, सोमवारी मशीनजवळ.

शनिवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीही दिली. साहेब गोड आवाजात म्हणाले, "शंभरनं सुरुवात करा. म्हणजे कुणालाच जड जाणार नाही. आणि हो, तुमच्या कंत्राटाची नवी ऑर्डर मार्चमध्ये माझ्याच सहीनं निघते ना?" नागपुरात फ्लॅटचे हप्ते भरणारा माणूस, त्याची काळजी मला कळत होती. पण माझ्या घरीही बाबांच्या गोळ्या आणि भावाची फी याच अकरा हजारांतून जात होती.

मी रडकुंडीला येऊन बडेबाबूंना सांगितलं. ते सुपारी चघळायचे थांबले. "मंग शंभर लिहा बाई," ते म्हणाले. "तुमचं घर तुमाले चालवा लागते. मी काई म्हननार नाही." आणि खरंच काही म्हणाले नाहीत. उद्या काय होईल, राणीचं काय होईल, एक शब्द नाही. रविवारभर मला तो न बोललेला शब्दच ऐकू येत होता.

सोमवारी बडेबाबूंनी माझ्यापुढे कागद धरला आणि दुसरीकडे पाहत उभे राहिले. मी दोन हजार लिहिले. मागून ठोंबरे ओरडले, "अवं बाई, हात घसरला काय? शून्य जास्त पडलं ना!" मी म्हटलं, नाही पडलं. ठोंबऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि दोन हजार पन्नास लिहिले. तिथून यादी वर चढत गेली, कण्हत, कुंथत, शिव्या घालत. शेवटून दुसरं नाव बडेबाबूंचं. त्यांनी दहा हजार लिहिले आणि यादी घेऊन केबिनमध्ये गेले. ग्रुपवर पडणाऱ्या यादीत हेडक्लार्कच्या खाली दिसणं साहेबांना परवडणारं नव्हतं. त्यांनी अकरा हजार लिहिले. थर्माकोलचा चेक घेऊन फोटो काढला तेव्हा साहेब हसत होते, पण दाढ ठणकणाऱ्या माणसासारखे.

राणीचं ऑपरेशन झालं. मार्चमध्ये माझी ऑर्डर निघाली नाही. बडेबाबू माझ्यासाठी तीनदा केबिनमध्ये गेले. तिन्ही वेळा साहेबांनी "वरून निधीच नाही" असं सांगितलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी, टळटळीत उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून बडेबाबू माझ्या घरी आले. मी पाणी दिलं. ते हातात पेला धरून बसले.

"बाई, मी तुमाले शंभर लिहा म्हनलं," ते म्हणाले. "ते नुसतं तोंडानं म्हनलं. मले मालूम होतं, असं म्हनलं का तुमी शंभर लिहनार नाही. म्हनूनच म्हनलं."

त्यांनी पेला न पिताच खाली ठेवला.

"इतके वर्स मले वाटे, मी सायेब लोकाईले फसवून राह्यलो. ओझं तं सबन खालच्याच मानसाच्या डोक्यावर देऊन राह्यलो होतो."

मला राग आला. आता वाटतं तसा थोडासा नाही, चांगला कडकडून आला. नोकरी गेली होती, बाबांच्या गोळ्या उधारीवर चालल्या होत्या, आणि हा माणूस मला ओळखूनच वागला होता. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "राणी कशी आहे?"

"पळून राह्यली," ते म्हणाले. "शांताबाईच्या हाती लागत नाही." आणि दुपट्ट्यानं डोळे पुसायला लागले.

ते रिटायर झाले आणि वर्षाच्या आत गेले. मला खबर लागेपर्यंत दहावाही होऊन गेला होता. त्यांना एक सांगायचं राहून गेलं, की तो कागद पुन्हा माझ्यापुढे धरला असता तर मी पुन्हा दोन हजारच लिहिले असते. आणि दुसरंही सांगायचं राहिलं. त्या दिवशी पहिलं नाव तुम्ही तुमचं लिहायला हवं होतं, बडेबाबू.