दिवसाला तीन खुणा

कांताबाई खळदकरांना आपण थकलो असं म्हणायची सवय नव्हती. "कंबर धरली" म्हणायच्या, "पाय ओढतायत" म्हणायच्या, फारच झालं तर "आज जीव नाही अंगात" एवढं बोलून पुन्हा उठायच्या.

झाशीत नगरा वस्तीत त्यांचं घर. सासरे भुसावळकडून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले ते इथलेच झाले. नवरा मार्तंडराव वॅगन वर्कशॉपात फिटर म्हणून लागले आणि मिस्त्री होऊन निवृत्त झाले. मुलगी एकच, सुरभी, ती इंदूरला दिली; तिच्या तोंडी आता हिंदीच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भाजीवाल्याशी भांडताना अस्सल बुंदेली, अशी कांताबाईंची चाळीस वर्षं गेली होती.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मार्तंडराव वर्कशॉपातल्या जुन्या सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला एरच गावी गेले. कांताबाई गुडघ्यामुळे मागे राहिल्या. दुपारी पंगतीत बसले असताना मार्तंडरावांच्या उजव्या हातातून पुरी गळून पडली. ती उचलायला गेले आणि तिथंच कलंडले. लोक म्हणाले, लू लगी है, ऊन लागलं. त्यांना खाटेवर सावलीत निजवलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला, कैरीचं पन्हं पाजायला घेतलं. पन्हं ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळत होतं, तरी कोणाला शंका आली नाही. प्रेमानंच करत होते सगळे. ऊन उतरलं, माणूस काही उठेना, तेव्हा जीपमध्ये घालून झाशीला आणलं. तोवर सात तास उलटले होते.

"साडेचार तासांच्या आत आणलं असतं, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं," असं डॉक्टर म्हणाले. ते साडेचार तास कांताबाईंच्या डोक्यात घर करून बसले. आपण बरोबर असतो तर? पण आपल्याला तरी काय कळलं असतं? आपणही पन्हंच पाजलं असतं.

उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. सगळ्या शब्दांतून एकच उरला, 'हओ'. बुंदेलीतला 'हो'. पाणी हवं का? हओ. नको? तरी हओ. वर्कशॉपात चाळीस वर्षं दिवसातून शंभरदा तोंडी आलेला शब्द तेवढा टिकून राहिला. जन्माची मराठी कुठं गेली, कोण जाणे.

इस्पितळात चौथ्या दिवशी शिल्पा भेटली. तिशीतली, केस घट्ट बांधलेली. तिचा नवरा सैन्यात, जवळच्या बबिन्याच्या छावणीत होता. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि दिल्लीहून चाललेल्या एका संशोधनासाठी काम करायची. खळदकर आडनाव वाचून ती खाटेपाशी आली आणि मराठीत बोलू लागली, तेव्हा कांताबाईंना रडूच फुटलं.

शिल्पानं नीट समजावून सांगितलं. "काकू, पक्षाघातानंतर महिनोन् महिने व्यायाम लागतो. एवढे फिजिओ आपल्याकडे नाहीत. मग घरच्या माणसालाच शिकवलं तर रुग्ण लवकर सुधारेल का, हे आम्हाला बघायचंय. अर्ध्या कुटुंबांना आम्ही शिकवणार, अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळणार. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवतो. मी नाही ठरवत. नाही म्हणालात तरी काकांच्या उपचारात फरक पडणार नाही."

कांताबाईंनी सही केली. नंबर शिकवायच्या गटात लागला. आपल्याला काहीतरी मिळालं, असं त्यांना वाटलं.

मिळालं ते काम. उशा कशा लावायच्या, कूस कशी बदलायची, त्यांच्या गुडघ्याला आपला गुडघा लावून त्यांना उभं कसं करायचं, मिटलेली बोटं एकेक करून कशी उघडायची. टेबलावर टॉवेल ठेवून त्यावर त्यांचा हात पुढे सरकवायचा, मागे आणायचा. चित्रं दाखवून शब्द काढून घ्यायचे. दिवसातून तीनदा, अर्धा अर्धा तास. घरी एक वही दिली होती. दर दिवसाला एक पान, पानावर तीन चौकोन. व्यायाम झाला की खूण करायची.

पहिले पंधरा दिवस कांताबाईंनी घड्याळ लावून सगळं केलं. मार्तंडराव पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसू लागले. शिल्पा घरी आली, तिनं बघितलं, टाळी वाजवली. कांताबाईंना शाळेत नंबर आल्यासारखं वाटलं.

मग जून तापला. एके सकाळी मार्तंडरावांचं अंथरूण दोनदा खराब झालं. चादरी धुवून होतात तोच वीज गेली, मोटर बंद, वरच्या टाकीत पाणी नाही. भरवायला घेतलेला दलिया त्यांनी डाव्या हातानं भिरकावला आणि मग स्वतःच हुंदके देऊन रडू लागले. आजारामुळे असं रडू येतं, हे शिल्पानं सांगितलं होतं; पण समोर नवरा रडत असताना ते आठवून काय उपयोग? भिंत पुसून, त्यांना पुसून, कांताबाई दुपारी मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या त्या तासभर तिथंच. संध्याकाळी वही उघडली. तिन्ही चौकोन कोरे होते. परवा शिल्पा येणार होती. त्यांनी तीन खुणा केल्या आणि वही फडताळात ठेवून दिली.

पहिली खोटी खूण करताना हात जड झाला होता. दहावीला झाला नाही. सहाव्या आठवड्यात त्या रविवारी बसून अख्ख्या आठवड्याची पानं भरू लागल्या. एकच शाई दिसू नये म्हणून मध्येच पेन बदलायच्या. जमेल तेवढं करत होत्याच, नाही असं नाही. कधी दहा मिनिटं, कधी नुसती बोटं उघडून मिटणं. पण चौकोनात दहा मिनिटांना वेगळी खूण नव्हती.

"काकू, वही किती नीट ठेवलीत! बाकीचे लोक तर हरवूनच टाकतात," असं शिल्पा एकदा म्हणाली. कांताबाई चहा करायला आत गेल्या.

सहा महिने झाल्यावर दिल्लीहून त्या संशोधनातल्या एका बाईचा फोन आला. तुमचा गट कोणता ते मला सांगू नका, नाहीतर माझी नोंद एकतर्फी होईल, असं तिनं आधीच बजावलं. मग एकेक प्रश्न. ते एकटे चालू शकतात? कपडे घालू शकतात? दिवसभर त्यांना एकटं ठेवता येतं? कांताबाईंनी खरं सांगितलं. चार पायांची काठी घेऊन दारापर्यंत जातात, पण कोणीतरी बाजूला लागतं. सदरा घालून द्यावा लागतो. उजवी मूठ उघडत नाही. शब्द वीस-पंचवीस आलेत.

शेवटी ती बाई म्हणाली, "माताजी, अब कुछ सवाल आपके बारे में."

माझ्याबद्दल? कांताबाई खुर्चीत सावरून बसल्या. झोप पुरते का? अंग दुखतं का? आपल्याच्यानं हे झेपत नाही, असं वाटतं का? पलीकडची बाई शांतपणे थांबत होती, उत्तराला वेळ देत होती. इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. शेजारच्या भाभीजी यायच्या त्या "भाईसाहब कैसे हैं" विचारायच्या. सुरभीचा फोन यायचा, "पापा ने आज क्या खाया?" आता कोणी विचारलं, तेव्हा समोर मार्तंडराव बसले होते, ऐकत होते. कळत त्यांना सगळं होतं.

"सब ठीक है जी," कांताबाई म्हणाल्या. दहाच्या दहा प्रश्नांना तेच उत्तर दिलं.

त्यानंतरची दोन वर्षं एकाच दिवसासारखी गेली. मार्तंडराव होते तिथंच राहिले. किंचित पुढे, किंचित मागे. व्यायाम दिवसातून एकदा व्हायचा, नाहीतर व्हायचाही नाही. कांताबाईंचा उजवा खांदा उतरला, रक्तदाबाची गोळी लागली. दुपारी डोळा लागला तरी कान जागे असायचे.

यंदाच्या फेब्रुवारीत शिल्पा आली, ती काम म्हणून नव्हे. नवऱ्याची बदली झाली होती, पुढच्या आठवड्यात सामान हलणार होतं. मार्तंडरावांशी बोलली, त्यांना खुर्चीतून उठून दाखवायला लावलं, मग कांताबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली.

"काकू, आपल्या अभ्यासाचा निकाल लागला. तुम्हाला माझ्या तोंडून कळावा असं वाटलं."

"काय लागला?"

"फरक नाही पडला. घरच्यांना शिकवलं त्या गटात आणि नाही शिकवलं त्या गटात, लोक जवळपास सारखेच सुधारले. जेवढे परावलंबी इकडे, तेवढेच तिकडे."

कांताबाईंनी गॅस बंद केला. दूध अजून तापलं नव्हतं.

"म्हणजे केलं ते सगळं वाया?"

"वाया कसं म्हणू? त्यांना झोपून झोपून पाठीला जखमा नाही झाल्या, तुम्ही—"

"शिल्पा, थांब बेटा." कांताबाईंनी ओट्याचा काठ धरला. "माझी वही खोटी होती."

शिल्पानं हातातली पर्स ओट्यावर ठेवली.

"पहिले पंधरा-वीस दिवस खरे. नंतर मी बसून भरली. पेनं बदलून बदलून भरली. तू कौतुक करायचीस, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्यासारख्या बाईमुळे तुमचा निकाल असा लागला. खरंच केलं असतं तर ते चालले असते गं. तुमचंही खोटं झालं, त्यांचंही वाटोळं झालं."

इतकं सलग त्या कित्येक दिवसांत बोलल्या नव्हत्या. शिल्पानं स्टूल ओढून त्यांना बसवलं आणि आपण जमिनीवर बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"तेव्हाच सांगायला हवं होतं, काकू," ती म्हणाली. "नाही जमत, तर नाही जमत असं लिहायचं. आम्हाला तेही हवंच होतं."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. आता वाटतंय तसंच." ती कांताबाईंकडे सरकली. मग म्हणाली, "पण तुमच्या एका वहीनं निकाल फिरत नाही. हजारावर घरं होती. आणि आम्हालाही समजत होतं. माझ्याकडच्या निम्म्या वह्या एका हाती भरलेल्या असायच्या. शेवटी दिल्लीच्या डॉक्टरांनी घरोघरी वेगळं विचारून घेतलं, तर व्यायाम दिवसाकाठी सरासरी अर्ध्या तासाच्या वर जात नव्हता. तेच लिहिलंय अहवालात. सगळं काम घरातल्या एकाच माणसावर टाकून भागत नाही. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बायको, नाहीतर सून."

"आणि मी नीट केलं असतं तर?"

"कदाचित थोडं जास्त चालले असते. कदाचित नाही. मेंदूचा तो भागच मोठा गेलाय, काकू. मी हो म्हटलं तरी ते खोटं आणि नाही म्हटलं तरी खोटंच."

कांताबाईंना ते उत्तर आवडलं नाही; पण त्यात गोड बोलणं नव्हतं, म्हणून त्यांचा त्यावर विश्वास बसला.

"ते दिल्लीच्या फोनवरचे प्रश्न," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याबद्दलचे. तिथंही मी सब ठीक म्हणाले."

"आणि खरं काय होतं?"

कांताबाईंनी दाराकडे बघितलं. बाहेरच्या खोलीत मार्तंडराव टीव्हीसमोर होते. "खरं म्हणजे," त्या म्हणाल्या, "मी थकले. फार थकले गं. कधी कधी वाटतं, त्यांच्या आधी मीच जावं म्हणजे कोणीतरी दुसरं बघेल. असं वाटतं मग स्वतःचीच लाज वाटते."

शिल्पानं समजूत घातली नाही. तिनं पर्समधून फोन काढला. "सुरभीताईचा नंबर द्या. हे तिला तुम्ही नाही, मी सांगते." कांताबाई नको नको म्हणाल्या, पण नंबर त्यांनीच सांगितला.

सुरभी आधी रागावली. "मम्मी, तुम बोली क्यों नहीं?" मग रडली. मार्चमध्ये आठ दिवस येऊन राहिली आणि कमलापत भैयांना ठरवून गेली. रेल्वेच्या इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून जन्म काढलेला, साठीला टेकलेला माणूस. माणसाला कसं उचलायचं ते त्याला कांताबाईंपेक्षा चांगलं ठाऊक होतं. रोज सकाळी दोन तास.

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा कांताबाई दाराशी घुटमळत राहिल्या. औषधं कुठं, काठी कुठं, सगळं तीनदा सांगितलं. शेवटी कमलापतच म्हणाला, "बाईजी, आप जाओ. दो घंटे हमाए हैं."

त्या ई-रिक्षा करून मानिक चौकात गेल्या. तीन वर्षांत तिकडे पाय लागला नव्हता. गल्ल्या तशाच भरलेल्या होत्या. दोन दुकानांत शिरल्या, परकराचं कापड हातात घेतलं, ठेवून दिलं. काय घ्यायचं तेच आठवेना. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. आजूबाजूनं माणसं, हातगाड्या, स्कूटर जात होत्या आणि कोणीही त्यांना हाक मारत नव्हतं. बसल्या जागी मान लवली आणि डोळा लागला. किती वेळ, कळलं नाही. शेजारच्या दुकानदारानं "अम्मा, तबियत ठीक है?" विचारलं, तेव्हा दचकून उठल्या.

घरी पोचल्या तेव्हा अर्धा तास शिल्लक होता. फाटकाच्या आत येऊन त्यांनी खिडकीतून बघितलं. मार्तंडराव खुर्चीत, गळ्यात टॉवेल, गालाला फेस. कमलापत त्यांची दाढी करत होता आणि वर्कशॉपातल्या कुठल्याशा साहेबाची गोष्ट सांगत होता. मार्तंडराव तोंड वाकडं करून हसत होते.

कांताबाई आत गेल्या नाहीत. व्हरांड्यातली प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी आवाज न करता सावलीत ओढली, चपला काढून पाय लांब केले आणि वेळ पुरा होईपर्यंत तिथंच बसून राहिल्या.