नको म्हणल्यावर

कारखाना बंद पडल्याची गोष्ट मला अजूनही राग आल्याशिवाय सांगता येत नाही. सहकारी कारखाना, गावोगावचे सभासद; पण लागोपाठ पाऊस दगा देतो म्हटल्यावर ऊस कुठून आणणार? आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या कँटीनचे आचारी. घाटनांदूरच्या आसपास कुठंही लग्न असलं की पंगत सांभाळायला तेच. त्या साली लग्नंसुद्धा चहावर उरकली. मी अंबाजोगाईत एका हॉटेलात वेटर होतो, तेही पाण्यापायी बंद झालं. तेवढ्यात कळलं, क्रूझ जहाजांवर वेटर घेतायत. घरात ठरलं: हे जमलं तर बरं, नाहीतर दिवाळीनंतर बापलेकानं कोयते घेऊन परजिल्ह्यात ऊसतोडीला जायचं. आप्पांची कंबर गेलेली. त्यांना कोयता झेपणार नव्हता, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आप्पांनी अंगणात माझी तालीम घेतली. स्वतः पाहुणे होऊन ताटावर बसले. "नको म्हणला की लगीच हात मागं घेऊ नगंस. माणूस लाजत असतोय. ताटावर हात आडवा धरला, तर बोटाच्या फटीतून जिलबी सोडायची."

परीक्षा पुण्यात, एका मोठ्या हॉटेलात. भरतीचे साहेब पाहुणे बनून टेबलाशी बसले. पाठ केलेलं इंग्रजी बरं चाललं होतं. रस्स्यातले बटाटे वाढले, आणखी विचारलं. साहेब नको म्हणाले. मी हसून एक वाढलाच. त्यांनी प्लेटवर हात धरला, तर मी हाताखालून अजून एक सरकवला. काय ती सफाई! साहेबांच्या बाहीला रस्सा लागला.

"पाहुणा नको म्हणाला की एक पाऊल मागं जायचं," साहेब बाही पुसत म्हणाले. "पुन्हा करून दाखव."

एकदाच विचारायचं आणि निघून जायचं, ही कुठली रीत? मनात शिव्या घातल्या, पण पाऊल मागं घेतलं. त्यांनी मला घेतलं.

आप्पा बाहेर फुटपाथवर बसून होते. "काय रं, झालं का?"

"झालं, आप्पा."

त्यांनी वर बघून हात जोडले. मग लई आनंदानं विचारलं, "म्या शिकिवल्यावाणी वाढलंस ना?"

मला खोटं बोलवेना. घडलं ते सगळं सांगितलं.

"मंग उलटंच शिकिवलं की म्या तुला. माझ्यापायी गेलं आसतं सगळं."

"तसं न्हाई, आप्पा..."

"ऱ्हाऊ दे. ते कसं करत्यात, दाखीव बरं मला."

कंबरेवर हात देत ते उठले. खांद्यावरचा टॉवेल हातावर घेतला आणि भर रस्त्यात, माझ्यासमोर वाकून, एक पाऊल मागं सरकले. गावंच्या गावं जेवू घातलेला माझा बाप.

"आसं का?"

"अजून थोडं मागं, आप्पा," मी म्हणालो, आणि मला रडू आवरेना.