रांजणातलं वाचन

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळानं विहिरींचा तळ उघडा पडला होता. नव्या कचेरीतून शाळांना हुकूम आला: चौथीच्या प्रत्येक मुलानं आधी न पाहिलेला उतारा मोठ्यानं, न अडखळता, पूर्णविरामाला थांबून वाचला पाहिजे, तरच पाचवी. मी मुदखेडची. औशाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत बाई म्हणून लागले, ते माझं नोकरीचं पहिलं वर्ष.

माझ्या चौथीत एक मुलगी होती, ती बोलायची नाही. मुकी नव्हती. उन्हाळ्यात तिची आई आटलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरत होती आणि वरची दरड कोसळली. मुलगी काठावरच उभी होती. तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आईच्या मागं मावशी तिला सांभाळायची. वाचता मात्र सगळं यायचं तिला. धडा दिला की मनातल्या मनात वाचून प्रश्नांची उत्तरं पाटीवर लिहायची, इतरांपेक्षा नीटस.

तपासणीला साहेब आले. वयस्कर, मवाळ माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं.

"हिचं मूकवाचन बघा साहेब. सगळं समजतं तिला."

"दिसतंय हो मला, बाई. पण वरून प्रकट वाचन मागितलंय. आवाज कानावर पडल्याशिवाय वाचलं असं कसं म्हणू?"

त्यांनी पोळ्याच्या बैलांवरचा एक उतारा तिच्या हातात दिला. ती उठून सरळ ओसरीवर गेली. तिथं पिण्याच्या पाण्याचा मोठा रांजण होता, कोरडा ठणठणीत. ती त्यावर वाकली, कागद आत धरला आणि चेहराही आत घातला. आम्हाला तिची नुसती पाठ दिसत होती.

आतून आवाज आला. जाड, संथ, भरल्या वयाच्या बाईचा. एकही शब्द अडला नाही. पूर्णविरामाला आवाज थांबत होता आणि त्या थांबण्यात श्वास ऐकू येत होता.

बाहेर टँकरची वाट बघत बसलेल्या बाया बोलायच्या थांबल्या. त्यांच्यातली मुलीची मावशी घागर तिथंच टाकून ओसरीच्या पायरीपर्यंत आली.

"बाई, ह्यो माझ्या बहिणीचा आवाज हाय," ती हळूच म्हणाली. "पर तिला तर अक्षर वळखू येत नव्हतं."

साहेबांनी उताऱ्यावरचे प्रश्न विचारलेच नाहीत. "पास," एवढंच म्हणाले आणि चहाला न थांबता निघून गेले.

रांजणात आवाज घुमतो, भारी होतो, असं मी वर्गाला समजावलं. मुलांना पटलं. घरी येऊन मी स्वतः रिकाम्या रांजणात तोंड घालून चार ओळी वाचून पाहिल्या. आवाज घुमला खरा, पण माझाच होता.

मुलगी पाचवीला मावशीबरोबर लातूरला गेली. तिथं ती बोलायला लागली, असं नंतर कानावर आलं.

बऱ्याच वर्षांनी लातूरच्या बसस्टँडवर एका बाईनं वाकून मला नमस्कार केला. तीच होती. डाळमिलमध्ये कामाला होती, भरभरून बोलत होती. मी न राहवून त्या तपासणीचा विषय काढला. ती पदर सावरत म्हणाली,

"बाई, लोक म्हणत्यात मी वाचलं. मी न्हाई वाचलं. मला बोलायचंच नव्हतं, म्हणून तोंड लपवलं रांजणात. माझं तोंड मिटलेलं होतं. मी नुसती ऐकत होते."

"मग कोण वाचत होतं ग?"

तेवढ्यात निलंग्याची गाडी लागली. ती गर्दीतून चढली, खिडकीशी बसली आणि तिनं हात केला.

पुढं निवृत्त होईपर्यंत मी कितीतरी मुलांचं वाचन तपासलं. उच्चार, गती, विराम, सगळं बघायचे. पण मूल वाचायला लागलं की आधी माझी नजर जायची ती त्याच्या ओठांवर, ते हलतात ना बघायला.