‘जाऊ द्या’ म्हणणारे आबा

शामरावआबांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. माझे मालक आपल्या शिक्षणसंस्थेच्या जीपवर ड्रायव्हर होते. लग्न नवे होते आणि त्यांचा डबा घेऊन मी गॅरेजमध्ये गेले होते. वाटेतला पाना ओलांडला, तर गाडीखालून आवाज आला, "आवं वहिनी, पाना वलांडू नगा."

"मग वाटंत कशाला टाकलाय?"

आबा बाहेर आले. पाना पुसून खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, "चुकलं माजं." एवढे मोठे मिस्त्री, पण नव्या सुनेपुढे चूक कबूल करायला त्यांना क्षणही लागला नाही.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकात मी लिहावे असे समितीने सांगितले. मी चौथी शिकलेली. लांबण लावणे मला जमत नाही, म्हणून सरळ लिहिते.

सातारा-सांगलीतल्या आपल्या शाळांना जाणारी प्रत्येक गाडी आबांच्या हाताखालून जायची. दुरुस्त झालेल्या गाडीची ते स्वतः मैदानाला एक फेरी मारत, तीनदा ब्रेक दाबत आणि मग फाटकापाशी म्हणत, "जाऊ द्या." ते ऐकल्याशिवाय एकही ड्रायव्हर गाडी हलवत नसे. एकदा अध्यक्षांना सांगलीला सत्काराला जायचे होते आणि स्टेअरिंग ढिले होते. आबांनी किल्ली खिशात घातली. "सायेब, यस्टीनं जावा. उशीर झाला तरी हार घालत्यातच." अध्यक्ष एसटीने गेले.

हा नियम आबांनी एकदाच मोडला. जीपचे ब्रेक नुकतेच करून झाले होते आणि वाईच्या वरच्या शाळेत पेट्या पोचवायच्या होत्या. माझा भाऊ तासगावहून आला होता, म्हणून मी सकाळपासून लवकर या, लवकर या करत होते. मालक आबांना म्हणाले, "फेरी उद्या मारा की आबा. घरी पावणं आल्यात." आबा म्हणाले, "बरं. जाऊ द्या."

परत येताना जीप घाटात दरीत गेली. मालक गेले.

तपासणीत ब्रेक चांगले निघाले, पण आबांनी ते मानले नाही. त्या दिवसापासून त्यांचा तो शब्द बंद झाला. नोकरी संपली तरी ते रोज सकाळी येतात आणि फाटकापाशी नुसता हात करतात.

मालकांच्या मागे मला कामाला आबांनीच लावले. ऑफिसात जाऊन म्हणाले, "गाडी धुणारं माणूस शाणं पायजे. कुठं गळतंय ते त्येच्या हाताला पयलं कळतं." गळणारे तेल इंजिनचे की ब्रेकचे, हे बोटाने ओळखायला त्यांनी मला शिकवले. मी वैतागून फडके फेकले की स्वतः उचलून देत. माझ्या तोंडाकडे मात्र कधी नीट बघत नसत.

आता खरे सांगते. जीप घाटात होती तेव्हा मी फोन केला होता. चौथ्यांदा. मालकांनी उचलला. "कुठवर आलाय? भाऊ निघाय लागलाय," मी ओरडले. "आलो की," ते म्हणाले, आणि मग मोठा आवाज झाला. हे मी कुणाला सांगितले नाही. इतकी वर्षे आबा स्वतःला खात राहिले आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोर गप गाड्या धूत राहिले.

हे छापायला देण्याआधी गेल्या रविवारी रहिमतपूरला त्यांच्या घरी जाऊन सगळे सांगितले. आबांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "ब्रेक लागंना, आसं म्हणला का त्यो?"

"न्हाई. आलो की, म्हणले."

आबांनी कोरडेच हात लेंग्याला पुसले. "तरीबी एक फेरी माराय पायजे हुती," म्हणाले. मला वाकडा शब्द बोलले नाहीत. तो बोलले असते तर बरे झाले असते.

आबांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे चालते राहोत, डोळे शाबूत राहोत. आणि आवं आबा, तुमच्याकडे एक मागणे आहे. एखाद्या सकाळी फाटकापाशी तो शब्द म्हणा. गाडीला म्हणालात तरी चालेल. मी तिथेच धूत असेन. मला म्हणालात असे धरीन.