शीचे पेढे

माझी मुलगी जन्मली त्याच दिवशी हिरवी उलटी करू लागली. दुसऱ्या दिवशीही तिला शी झाली नाही. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, आतडं मध्येच बंद आहे, पोटात असतानाच तसं घडलंय. बंद भाग कापून दोन्ही टोकं जोडावी लागतील. ऑपरेशन झालं. आता आतडं चालू लागलं की शी होणार, मगच दूध. नाही झाली तर कदाचित पुन्हा पोट उघडायचं. तेव्हापासून माझे सगळे देव त्या लंगोटात जाऊन बसले.

बाळं काचेपलीकडे आणि आम्ही आया बाहेरच्या खोलीत. दूध आटू नये म्हणून ते वाटीत काढायचं. माझं बेसिनमध्ये जायचं.

शेजारच्या गादीवर खेड्यातून आलेली एक बाई होती. तिच्या मुलालाही हेच झालेलं, आणि त्याचं ऑपरेशन माझ्या मुलीच्या नंतरचं. नंतरचं! हे मी धरूनच बसले होते. ती पोटभर जेवायची, केस विंचरायची, दुपारी घोरायची. मी डोळे मिटून नवस बोलत असायची आणि ही घोरतेय.

एका सकाळी नर्स दारातूनच ओरडली, "बाबू ने पॉटी कर दी!" माझ्या मुलीची नाही, तिच्या बाबूची. सगळी खोली हसली. बाळाला शी झाली की पेढे वाटायचे, ही त्या खोलीची रीत. तिचा नवरा लगेच गोल बाजारात पळाला. तिने पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा ले दीदी, तोर नोनी घलो करही." तुझी पोरगीपण करेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला कोणी विचारलं होतं?

चौबे कॉलनीतून सासूबाई डबा घेऊन आल्या तेव्हा पेढा ओढणीच्या टोकात तसाच होता.

"काहून नाही खाल्ला?"

"मले नाही जात, आई."

"अवं, पेढ्यानं काय केलं तुह्यं?"

पेढ्याने काहीच केलं नव्हतं. पण आता तिची वाटी आत जात होती, थेंब थेंब का होईना, आणि माझी बेसिनमध्ये. त्याला ते दूध पचू नये, असं मला एकदा वाटलं. बाळाचं वाईट व्हावं असं नव्हतं. तिचा चेहरा पडलेला बघायचा होता. एकाशिवाय दुसरं होत नाही, हे कळत होतं, तरी वाटलं.

मग माझ्या मुलीच्या नाकातल्या नळीतून येणारं हिरवं पाणी कमी झालं, पांढुरकं झालं. आणि एक दिवस नर्सने दारात उभं राहून माझ्याकडे बघितलं. तिच्या हातातल्या लंगोटावर बोटभर डाग होता. मी तो नाकाला लावून बघितला. नर्स हसली, मी रडले.

माझा नवरा रेल्वेच्या ऑफिसातून तडक बूढापाऱ्याच्या मिठाईवाल्याकडे गेला आणि पेढ्यांचा मोठा डबा घेऊन आला. शेजारणीने एका घासात पेढा खाल्ला, दुसरा मागितला, मला मिठी मारली. तिचा मुलगा एव्हाना अंगावर पीत होता. तेही मला खुपलंच, खोटं कशाला सांगू.

कोपऱ्यात त्याच दिवशी आलेली एक मुलगी बसली होती, माझ्यापेक्षा लहान. तिचं बाळ ऑपरेशनला नेलेलं. मी पेढा तिच्या हातावर ठेवला. "तुझ्याही बाळाला होईल," हे ओठांवर आलं होतं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. पेढा पदराच्या टोकाला बांधला आणि तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी पहिल्यांदा माझं दूध आत मागवलं, तेव्हा ती वाटी ओढणीखाली झाकून मी तिच्यासमोरून गेले.