पांढऱ्या कपड्यांतला

वडीगोद्रीत रस्त्याकडेला एका परटाची लाँड्री होती. गावातल्या बड्या लोकांचे पांढरे कपडे तो धुवायचा आणि स्वतः मात्र कायम विटका खाकी सदरा घालायचा. "पांढरं लोकायचं असतंय, गुरुजी," म्हणायचा. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. त्यामुळे कोळशाची इस्त्री फिरवता फिरवता तो एखादा इंग्रजी शब्द काढायचा आणि नव्या पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारायचा, "ह्याचं गाव कोन्तं?" त्याच्यापायी माझी डिक्शनरी पार खिळखिळी झाली.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, तेव्हा त्यानं 'कँडिडेट' काढला.

मी म्हणालो, "हा रोमचा. तिथं मतं मागणारा माणूस खडूनं पांढराशुभ्र केलेला झगा घालून फिरायचा. कँडिडेट म्हणजे पांढऱ्या कपड्यांतला."

त्याची इस्त्री थांबली. "मंग त्यायचे झगे पांढरे कोन करत व्हतं?"

"असेल तुमच्यासारखाच कुणी परीट."

"अन् त्यो न्हाई उभा ऱ्हायला कधी?"

चार दिवसांनी त्यानं आमच्या वॉर्डातून फॉर्म भरला. बडे लोक पोट धरून हसले. त्यांचे कपडे मात्र मतदानाच्या सकाळपर्यंत त्यानं बरोबर वेळेवर पोचवले.

आणि तो निवडून आला! मिरवणुकीत त्याच्या अंगावर पहिल्यांदा पांढरा सदरा दिसला, तोही गुलालानं लालभडक झालेला.

दुसऱ्या दिवशी तो सदरा दुकानात सगळ्यांना दिसेल असा टांगलेला होता.

"धुवायचा राहिला वाटतं?" मी विचारलं.

खाकी सदऱ्याच्या बाह्या सावरत त्यानं इस्त्री उचलली.

"ह्यो धुवायचा न्हाई, गुरुजी. बिलकुल न्हाई."